पसरवणारा कोण? पालघर, अफवा आणि प्लॅटफॉर्मची जबाबदारी

१८ नोव्हेंबर २०१२ चा रविवार. आदल्या दिवशी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले होते आणि मुंबईसह आजूबाजूचा सगळा पट्टा बंद होता. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता, स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून पावणेदोन वर्षे होती. तिथल्या एका तरुणीने या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट फेसबुकवर टाकली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दुसऱ्या दिवशी दोघी अटकेत होत्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ आणि भारतीय दंडविधानाची कलमे त्यांच्यावर लावली गेली. पंधरा-पंधरा हजारांच्या जामिनावर त्या सुटल्या. दरम्यान एकीच्या काकांच्या रुग्णालयात शिरून जमावाने तोडफोड केली होती.

यानंतर जवळजवळ साडेसात वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, याच जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात गडचिंचले गावाजवळ जमावाने तीन माणसांना ठार मारले. दोन साधू होते आणि तिसरा त्यांचा गाडीचालक. कोरोनाच्या टाळेबंदीतही ते कांदिवलीहून सुरतेकडे एका अंत्यविधीला निघाले होते. त्या पट्ट्यातल्या पाड्यापाड्यांवर कित्येक दिवस एकच कुजबूज होती. पोरे पळवणारी, किडन्या काढणारी टोळी रात्री फिरते, असे लोक एकमेकांना सांगत होते. व्हॉट्सअॅपवर तसे मेसेज येत होते आणि गावकरी रात्रभर गस्त घालत होते. पोलीस समोर असताना तिघांचा जीव गेला.

पहिल्या घटनेत पोस्ट कोणाच्याही जिवावर उठणारी नव्हती, तरी लिहिणारीला कोठडी मिळाली. दुसऱ्या घटनेत अफवेने माणसे मेली आणि शंभरावर गावकरी अटकेत गेले. दोन्ही वेळा एक पक्ष मात्र चौकशीच्या कक्षेबाहेरच राहिला. ज्या यंत्रणेने ती पोस्ट आणि तो मेसेज हजारो हातांत पोहोचवला, तिला कायद्याने काही विचारले नाही. विचारायला हवे होते का? आणि विचारायचे तर नेमके काय? गेली पंचवीस-तीस वर्षे जगभरची न्यायालये आणि संसदा याच प्रश्नाशी झगडत आहेत. त्या झगड्याचा भारतातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल पालघरमधूनच निघाला, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

टपाल की वर्तमानपत्र?

कायद्याला पूर्वी दोनच भूमिका ठाऊक होत्या. पोस्टमनने आणलेल्या पत्रात शिवीगाळ असली, तर दोष पत्र लिहिणाऱ्याचा. वर्तमानपत्रात बदनामीचा मजकूर छापून आला, तर लेखकाबरोबर संपादक, मुद्रक आणि प्रकाशकही जबाबदार, कारण काय छापायचे ते त्यांनी वाचून ठरवलेले असते. इंटरनेटवरच्या सेवा या दोहोंच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. लाखो लोकांचे लिखाण त्या साठवतात, दाखवतात, पण आधी वाचत नाहीत.

अमेरिकेत १९९५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने प्रॉडिजी या कंपनीला सदस्यांच्या मजकुरासाठी प्रकाशक ठरवले. कारण काय, तर ती कंपनी घाणेरडा मजकूर काढून टाकण्याचा प्रयत्न करत होती. त्याआधी १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह ही कंपनी सुटली होती, कारण ती काहीच तपासत नव्हती. म्हणजे जो साफसफाई करतो तो अडकतो आणि जो डोळे मिटतो तो सुटतो, असा उफराटा नियम तयार होत होता. तो मोडण्यासाठी अमेरिकी संसदेने १९९६ मध्ये कलम २३० आणले. इतरांनी लिहिलेल्या मजकुरासाठी सेवा देणाऱ्याला प्रकाशक समजायचे नाही आणि आक्षेपार्ह गोष्टी त्याने सद्हेतूने काढल्या तर त्याबद्दलही त्याला कोर्टात खेचायचे नाही, अशी दुहेरी ढाल त्यातून मिळाली. फेसबुक, यूट्यूब आणि ट्विटर पुढे याच ढालीआड वाढले.

भारतात हा प्रश्न २००४ च्या डिसेंबरमध्ये अंगावर आला. बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एका अश्लील चित्रफितीची जाहिरात कोणीतरी टाकली आणि पोलिसांनी थेट कंपनीच्या प्रमुखालाच अटक केली. संकेतस्थळावर कोणीही काहीही टाकले तर मालकाने तुरुंगात जायचे का, अशी चर्चा देशभर झाली. तिची परिणती म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यातली २००८ ची दुरुस्ती, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. त्यातल्या कलम ७९ ने प्लॅटफॉर्मला, म्हणजे कायद्याच्या भाषेत मध्यस्थाला, सशर्त संरक्षण दिले. त्याच दुरुस्तीने कलम ६६अ सुद्धा आणले. अत्यंत आक्षेपार्ह किंवा इतरांना त्रास, गैरसोय होईल असा संदेश पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, अशी त्याची तरतूद होती. एकाच दुरुस्तीने पसरवणाऱ्या कंपनीला आसरा दिला आणि लिहिणाऱ्या माणसावर फास टाकला. पालघरच्या दोघी त्याच फासात अडकल्या.

पालघरहून दिल्लीला गेलेला खटला

त्या अटकेने देशभर संतापाची लाट उसळली. ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक निलंबित झाले, संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली झाली आणि पुढे खटलाही बंद झाला. दिल्लीतल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याच घटनेचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्याबरोबर आणखीही याचिका जोडल्या गेल्या. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून संपूर्ण रद्द केले. कशाला त्रासदायक म्हणायचे याची काही व्याख्याच नसल्यामुळे पोलिसाला वाटेल ते या कलमात बसते, हे त्यामागचे मुख्य कारण होते.

वर्तमानपत्रांचे मथळे या पहिल्या भागाचे होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो दुसरा भाग. एखादा मजकूर बेकायदा असल्याचे प्लॅटफॉर्मला 'कळले' आणि तरी त्याने तो काढला नाही, तर कलम ७९ चे संरक्षण जाते. पण 'कळले' म्हणजे काय? कोणीही एक ईमेल पाठवली की कळले? न्यायालयाने सांगितले की तसे नाही. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना आली, तरच कंपनीला कळले असे धरायचे, आणि ती सूचनाही घटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी सांगितलेल्या मर्यादांतच हवी. लाखो तक्रारींमधली खरी कोणती आणि खोटी कोणती, याचा निवाडा गुगल, फेसबुकसारख्या कंपन्यांवर सोपवणे न्यायालयाला मान्य नव्हते.

ही बाब किती मोलाची आहे ते समजायला याच जिल्ह्यातल्या बोईसरला यावे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी आणि त्यामुळे खाड्यांची, समुद्राची झालेली नासाडी हा इथल्या मच्छीमारांचा जुना घाव आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर पर्यावरणीय भरपाई बसवली. आता कल्पना करा. नवापूर किंवा मुरबे इथल्या एका तरुणाने खाडीतल्या रंगीत पाण्याचा व्हिडिओ टाकला. ज्या कारखान्याला तो झोंबला, त्याच्या वकिलाने प्लॅटफॉर्मला बदनामीची नोटीस धाडली. त्या एका नोटिशीनेच जबाबदारी अंगावर येणार असेल, तर कंपनी काय करील? व्हिडिओ खरा की खोटा हे शोधायला ती खाडीवर माणूस पाठवणार नाही. ती व्हिडिओ काढून टाकील आणि मोकळी होईल. हजार व्हिडिओ काढल्याने तिचे काही बिघडत नाही, एक ठेवल्याने मात्र खटला होऊ शकतो. म्हणून प्लॅटफॉर्मवर सरसकट जबाबदारी टाकली की पहिला बळी जातो तो दुबळ्या माणसाच्या खऱ्या तक्रारीचा. पालघरच्या निकालाने या माणसाला आधार दिला आहे आणि तो आधार सोडून पुढे जाता येणार नाही.

अफवा आली, न्यायालय कुठे होते?

पण याच निकालात एक उणीव राहिली. न्यायालयाचा आदेश यायला दिवस लागतात, महिने लागतात. अफवेला एक रात्र पुरते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यावर आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना पोरे पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयाने एका कुटुंबाला जमावाने घेरले होते, तिथे मात्र पोलिसांनी त्यांना वाचवले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेली होती. शेवटी मूल परत आणून सोडल्याचा भाग उडवला आणि उरलेला तुकडा अपहरणाचा पुरावा म्हणून फिरला.

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपला दोनदा खडसावले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल पोलीस अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. व्हॉट्सअॅपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, गडचिंचलेच्या घटनेच्या काही दिवस आधीच, वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल अशी आणखी कडक मर्यादा आली. त्यानंतर अशा मेसेजांचा प्रसार सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच जाहीर केले.

हा आकडा नीट वाचायला हवा. व्हॉट्सअॅपने एकही मेसेज उघडून पाहिला नाही, एकही वाक्य खोडले नाही. फक्त फॉरवर्डच्या बटणाची रचना बदलली आणि तुफान वेगाने पळणारे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे त्याआधीचा वेग हा माणसांच्या स्वभावाचा एकट्याचा परिणाम नव्हता. त्यात कंपनीने केलेल्या रचनेचा मोठा वाटा होता, आणि ती रचना बदलणे कंपनीच्या हातात होते. राईनपाड्याच्या आधी ती का बदलली नाही, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला हवा.

गडचिंचलेनंतर अफवेचा दुसरा फेरा सुरू झाला. हत्येचा व्हिडिओ देशभर फिरला आणि मारणारे कोणत्या धर्माचे होते याविषयी खोटे दावे त्याला चिकटले. व्हिडिओतल्या एका आरोळीत लोकांना 'शोएब' हे नाव ऐकू आले. २२ एप्रिल रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नसल्याचे सांगितले. तोवर सहा दिवस गेले होते. हा दुसरा फेरा बंद ग्रुपांमध्येच नव्हे, तर फेसबुक, ट्विटर आणि यूट्यूबच्या उघड्या फीडवर झाला, जिथे कोणाला काय दिसावे हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो.

मूळ पाठवणारा शोधा, असे म्हणणे सोपे नाही

अशा प्रत्येक घटनेनंतर एकच मागणी होते की पहिला मेसेज पाठवणाऱ्याला पकडा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी ती कायद्यात आणली. न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास मोठ्या मेसेजिंग सेवेने संदेशाचा पहिला प्रेषक शोधून द्यावा, असे नियम ४(२) सांगतो. व्हॉट्सअॅप मे २०२१ मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०१६ पासून व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. मध्ये कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. एका मेसेजचा माग काढायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर आधीच खूण मारून ठेवावी लागेल, असे कंपनीचे म्हणणे आहे. हे कुलूप, म्हणजे एनक्रिप्शन, मोडायला लावले तर भारतातून निघून जाऊ, असे तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितले.

गुप्ततेचा हा मुद्दा मला खरा वाटतो. कारखान्यातल्या गैरप्रकाराबद्दल पत्रकाराला कळवणारा बोईसरचा कंत्राटी कामगार याच कुलपाच्या भरवशावर असतो. शिवाय पहिला प्रेषक सापडला तरी हाती काय येते? कराचीतली मूळ फिल्म करणारे निर्दोष होते. ती कापणारा कदाचित परदेशात असेल. गडचिंचलेच्या लोकांनी तर ऐकलेली गोष्ट भीतीने पुढे सांगितली. पुन्हा एकदा आपण लिहिणाऱ्या माणसाच्या मागे धावतो आणि पसरवणारे यंत्र नजरेआड राहते.

नियमांनी आपल्या हातात काय दिले?

२५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांचा सगळाच भाग वादाचा नाही. ते जाहीर करताना केंद्र सरकारने भारतातले वापरकर्ते सांगितले होते. व्हॉट्सअॅपचे ५३ कोटी, यूट्यूबचे ४४.८ कोटी, फेसबुकचे ४१ कोटी. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाला भारतात राहणारा तक्रार अधिकारी, मुख्य अनुपालन अधिकारी आणि पोलिसांशी चोवीस तास संपर्कात राहणारा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. २०२१ च्या मूळ नियमांनुसार तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची होती आणि निकाल १५ दिवसांत. एखाद्या व्यक्तीचे खासगी, नग्न किंवा बनावट अश्लील चित्र असेल, तर तिच्या तक्रारीवरून ते तेव्हा २४ तासांत हटवायचे होते. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर काढायला तेव्हा ३६ तास दिले गेले होते. हे पाळले नाही तर कलम ७९ चे संरक्षण जाते.

ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने यात अपिलाची सोय आली. तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही किंवा त्याचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांत सरकारी तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या. कोणाच्या मुलीचे छायाचित्र विकृत करून फिरवले जात असेल, तर पालघर किंवा बोईसरच्या पालकांनी ही वाट लक्षात ठेवावी. स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवायची, त्या अॅपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची, पोचपावतीचा क्रमांक घ्यायचा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात नोंद करायची. उत्तर समाधानकारक नसेल तर अपील करायचे.

मात्र ही सगळी वाट एकेका पोस्टची आहे. तक्रार, उत्तर, अपील, आणि ती पोस्ट हटते किंवा राहते. ती लाखो लोकांना दाखवायची असे कंपनीच्या यंत्रणेने का ठरवले, हा प्रश्न या वाटेवर कुठेच येत नाही.

लगाम कोणाच्या हाती?

कंपन्यांना वेसण घालायची म्हटले की ती कोणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न लगेच उभा राहतो. याचे एक उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून स्वतःचा तथ्य तपासणी विभाग नेमण्याची तरतूद केली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर या विभागाने खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवला आणि प्लॅटफॉर्मने तरी तो ठेवला, तर त्याचे संरक्षण धोक्यात येणार होते. विनोदी कलावंत कुणाल कामरा आणि इतरांनी याला आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मते विरुद्ध पडली. तिसरे न्यायाधीश अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही तरतूद घटनाबाह्य असल्याचा कौल दिला आणि ती रद्द झाली. ज्याच्यावर टीका होते त्यानेच तिच्या खरेपणाचा निवाडा करायचा, हे न्यायालयाला मान्य झाले नाही.

दुसरीकडे, कलम ७९ खालच्या सूचना प्लॅटफॉर्मना पाठवण्यासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाचे सहयोग पोर्टल सुरू झाले आहे. एक्स (पूर्वीचे ट्विटर) कंपनीने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले, पण २४ सप्टेंबर २०२५ रोजी ती याचिका फेटाळली गेली. पोलिसांना तातडीने मजकूर हटवता यावा ही गरज खरी आहे. गडचिंचलेसारख्या रात्री एक तासही फार असतो. पण कोणता मजकूर, कोणाच्या आदेशाने, का हटवला, हे नागरिकाला कळत नसेल तर २०१२ च्या पालघरची भीती वेगळ्या दाराने परत येते. तेव्हा निदान अटक तरी सगळ्यांना दिसली होती. नाहीशी झालेली पोस्ट कोणालाच दिसत नाही.

शिवाय कागदावर रद्द झालेला कायदा ठाण्यात जिवंत राहतो, हेही आपण पाहिले आहे. कलम ६६अ २०१५ मध्ये रद्द होऊनही त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर तीव्र आश्चर्य व्यक्त केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असे पुन्हा बजावावे लागले.

कलम ७९ मधला विसरलेला शब्द

मग मार्ग कोणता? मला तो कलम ७९ मध्येच दिसतो. या संरक्षणाच्या अटींमध्ये मध्यस्थाच्या भूमिकेचे जे वर्णन आहे, त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. त्याने संदेश स्वतः सुरू करायचा नाही, तो कोणाला मिळावा हे निवडायचे नाही आणि त्यातला मजकूर निवडायचा किंवा बदलायचा नाही. ही अट २००८ ची आहे. आजच्या फीडचे काम नेमके उलट चालते. कोणता व्हिडिओ कोणाच्या पडद्यावर, केव्हा आणि कितव्या क्रमाने येईल, हे प्रत्येक क्षणी कंपनी निवडत असते. माणूस जितका अधिक वेळ पडद्याला चिकटेल तितक्या जाहिराती विकल्या जातात, आणि राग व भीती माणसाला चिकटवून ठेवतात. मजकूर दुसऱ्याचा असेल, पण तो उचलून पुढे ढकलण्याची कृती कंपनीची स्वतःची आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले आहे. दिल्ली दंगलींच्या चौकशीसाठी दिल्ली विधानसभेच्या समितीने फेसबुकला बोलावले, त्या अजित मोहन प्रकरणात ८ जुलै २०२१ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की आपण केवळ इतरांचा मजकूर दाखवणारे व्यासपीठ आहोत, हा फेसबुकचा दावा भाबडेपणाने स्वीकारता येणार नाही. अमेरिकेतही वारे फिरत आहे. टिकटॉकने एका दहा वर्षांच्या मुलीला गळा आवळण्याच्या 'चॅलेंज'चा व्हिडिओ आपणहून दाखवला आणि त्याची नक्कल करताना तिचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका संघीय अपील न्यायालयाने म्हटले की शिफारस ही कंपनीची स्वतःची अभिव्यक्ती आहे, तिला कलम २३० ची ढाल मिळणार नाही.

युरोपने यापुढचे पाऊल टाकले. २०२२ चा डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. दरमहा साडेचार कोटींहून अधिक युरोपीय वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मने आपल्या रचनेमुळे समाजाला कोणते धोके संभवतात याचा दरवर्षी आढावा घ्यायचा, ते कमी करायचे, स्वतंत्र लेखापरीक्षण करून घ्यायचे आणि संशोधकांना माहिती उघडी करायची. मजकूर हटवला तर ज्याचा हटवला त्याला कारण द्यायचे. चुकल्यास जगभरच्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. डिसेंबर २०२५ मध्ये या कायद्याखालचा पहिला दंड एक्सला बसला, १२ कोटी युरोंचा. या कायद्यातल्या आणखी एका तरतुदीकडे आपण बारकाईने पाहायला हवे. मजकूर तपासणारी माणसे युरोपातल्या कोणत्या भाषेसाठी किती आहेत, हे कंपनीला जाहीर करावे लागते.

हे का महत्त्वाचे, ते म्यानमारने शिकवले. रोहिंग्यांविरुद्धच्या हिंसेच्या काळात फेसबुकवर द्वेषाचा पूर आला होता आणि बर्मी भाषा समजणारे तपासनीस कंपनीकडे मूठभर होते. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८ मध्ये फेसबुकवर ठपका ठेवला आणि आपण पुरेसे केले नाही, हे कंपनीनेही मान्य केले. आता डहाणू, जव्हार, तलासरीकडे पाहा. इथे वारली, कोकणा, काथोडी बोलीत बोलले जाते. अफवा टाइप केलेल्या मजकुरापेक्षा आवाजी मेसेजमधून, व्हिडिओतून फिरते. बोईसरच्या वसाहतीत मराठी, गुजराती, हिंदी, भोजपुरी, ओडिया एकाच गल्लीत ऐकू येतात. उद्या वारली बोलीतला एखादा भडकवणारा व्हिडिओ उघड्या फीडवर चढू लागला, तर तो समजणारा एक तरी माणूस त्या कंपनीकडे आहे का? भारतातल्या नियमांनुसार कंपन्या दरमहा तक्रारींचे आणि हटवलेल्या मजकुराचे आकडे प्रसिद्ध करतात, पण भाषेनुसार माणसे किती, हे सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नाही.

जबाबदारी कशाची मागायची?

पालघरच्या दोन्ही घटना एकत्र ठेवल्या की उत्तराची रूपरेषा दिसते. २०१२ ने शिकवले की बोलण्यावरची सत्ता सैल शब्दांत कोणाच्याही हाती देऊ नये, पोलिसांच्या नाही आणि कंपनीच्याही नाही. म्हणून एखादा मजकूर बेकायदा आहे की नाही याचा अंतिम निवाडा न्यायालयाकडेच असावा, तातडीच्या आदेशालाही लेखी कारण असावे आणि तो थोड्याच दिवसांत स्वतंत्र छाननीखाली यावा. २०२० ने शिकवले की प्रसाराचा वेग आपोआप होत नाही, तो रचला जातो. तो रचणाऱ्याला रचनेचा हिशेब द्यावा लागला पाहिजे. फॉरवर्डची मर्यादा किती, शिफारस कशाच्या आधारे, जिल्हा प्रशासनाने जमावाच्या धोक्याचा इशारा दिल्यावर किती मिनिटांत हालचाल, स्थानिक बोलींसाठी माणसे किती, आणि धोका माहीत असूनही काही केले नाही तर दंड किती, ही जबाबदारी कायद्याने मागता येते. ती मागण्यासाठी कोणाचे मेसेज उघडावे लागत नाहीत आणि खाडीच्या पाण्याचा व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणालाही घाबरावे लागत नाही.

भारताला आज माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या जागी नव्या कायद्याची गरज आहे, ही चर्चा काही वर्षे चालू आहे. तो कायदा येईल तेव्हा त्याच्या मसुद्यात आपण एकच गोष्ट आधी शोधावी. त्यातली कलमे लिहिणाऱ्या माणसाच्या मागे लागणारी आहेत, की पसरवणाऱ्या यंत्राला प्रश्न विचारणारी? पालघरने पहिल्या प्रकारची किंमत कोठडीत मोजली आणि दुसऱ्या प्रकारच्या अभावाची किंमत तीन जिवांनी. आपल्या खासदारांकडे, आमदारांकडे आणि ग्रामसभांमध्ये ही मागणी मराठीत, वारलीत, स्पष्ट शब्दांत मांडण्याचा सगळ्यात मोठा अधिकार म्हणूनच या जिल्ह्याचा आहे.